धावेपासून कमानपाट्यापर्यंत

उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला प्राणहिता. या तीन नद्यांच्या कुशीत जुना आदिलाबाद जिल्हा वसला होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले, पण जमीन होती तशीच राहिली. सपाटीला कापसाची काळी, चिकट माती. वर उटनूर, जैनूर, नारनूरकडे सातमाळ्याचे डोंगर, सागाचे रान आणि पावलोपावली नाले. मृगाचा पाऊस लागला की काळ्या मातीची पांदण चार दिवसांत गुडघाभर चिखलाची होते आणि डोंगरातल्या वाटेवर दगड तेवढे उरतात.

अशा मुलखात गाडी बाळगायची तर तिची दुरुस्तीही घरातच जमली पाहिजे. वाटेत मोडलेल्या गाडीला मदत मिळण्याचे ठिकाण कित्येक मैल लांब, आणि तिथवर जायला पुन्हा तीच गाडी लागणार. म्हणून बैलगाडी असो की जीप, इथे ती आणली तशी कुणी वापरली नाही. अंगणात उभी करून तिचा आस बदलला, पाटे वाढवले, इंजिनसुद्धा काढून दुसरे बसवले. जिल्ह्याच्या इतिहासात राजे आहेत, लढे आहेत, जमाबंदी आहे, पण या हातांच्या विद्येची नोंद फार थोडी सापडते. ती व्हायला हवी, कारण जंगलातल्या गावाचा बाजाराशी, दवाखान्याशी आणि कचेरीशी असलेला संबंध शंभर-दीडशे वर्षे याच विद्येवर टिकून राहिला.

गाडीच्या आधी होती बैलाची पाठ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस गोण्यांत भरून बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. मीठ, धान्य, कापड या सगळ्याची ने-आण बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे होती आणि दख्खनमधून उत्तरेकडे जाणाऱ्या त्यांच्या वाटा याच टापूतून जात. पाठीवरच्या ओझ्याला रस्ता लागत नाही. नाला आला की बैल उतरतो आणि पलीकडे चढतो. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. वऱ्हाड आणि वर्ध्याच्या खोऱ्यात कापूस दाबण्याचे कारखाने उभे राहिले आणि माल स्टेशनापर्यंत नेण्यासाठी गाड्यांची मागणी वाढली. बैलाची पाठ सुटली आणि मान जुवात अडकली. पुढे १९२९ मध्ये काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग पुरा झाला आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडून मद्रास-दिल्ली रेल्वे धावू लागली. आता गाडीवाटा मंचिर्याल, आसिफाबाद रोड, सिरपूर या स्टेशनांकडे वळल्या.

लोखंडाची या भागाला नवलाई नव्हती. निर्मलच्या परिसरातले खनिज आणि गोदावरीपलीकडचे कोनसमुद्रम हे गाव यांचे नाव पोलादाच्या इतिहासात पक्के कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने तिथल्या मुशी आणि भट्ट्या स्वतः पाहून त्यांचे वर्णन लिहिले. हे पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी तिथे येऊन राहत आणि त्याच जातीच्या पोलादातून प्रसिद्ध दमास्कसी तलवारी घडत. पुढे विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले आणि त्या भट्ट्या विझल्या. गावोगावचा लोहार मात्र राहिला. त्याच्या वाट्याला आता तलवारीचे पोलाद नव्हते. नांगराचा फाळ, कुऱ्हाड आणि गाडीच्या चाकाची धाव हे त्याचे काम झाले.

हे चाक नीट पाहण्यासारखे आहे. मधोमध बाभळीचा जाडजूड तुंबा. त्याच्या पोटात लोखंडी नळी, म्हणजे आसावर चाक फिरताना लाकूड झिजत नाही. तुंब्यातून साधारणतः बारा आरे निघतात आणि दोन-दोन आऱ्यांवर एक असे सहा वाकडे पुठ्ठे बसून गोल पुरा होतो. आसाला आणि धुऱ्याला धावडा किंवा तिवसाचे लाकूड, कारण ते लवते पण सहजासहजी तुटत नाही, साट्याला साग. इथल्या रानात ही सगळी झाडे जवळच. कोणते लाकूड कशाला हे सुताराला जितके ठाऊक तितकेच शेतकऱ्यालाही असे. मोडलेला आरा दुसऱ्या दिवशी सुताराकडे जाई, पण तोवर गाडी घरापर्यंत आणण्यासाठी शेतकरी कुऱ्हाडीने फांदी तासून ठोकून घेई.

चाकाचा खरा जीव धावेत. ही लोखंडी पट्टी घेराला चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. दोरीने माप घ्यायचे, पट्टी वळवून टोके जोडायची आणि मग ती कडी जमिनीवर ठेवून भोवती शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवून द्यायची. लोखंड लालभडक झाले की फुगते. तेवढ्याच वेळात तीन-चार जणांनी सांडशांनी ती कडी उचलून आडव्या ठेवलेल्या चाकावर बरोबर टाकायची, चहूकडून घण मारून बसवायची आणि लाकूड जळायच्या आत घागरींनी पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठतो, धाव आक्रसते आणि तुंबा, आरे, पुठ्ठे करकचून एकमेकांत रुततात. खिळा नाही, सरस नाही. घेराचे माप बोटभर चुकले तर धाव चढत नाही किंवा चाकाचे आरे वाकतात. हे माप लोहाराच्या नजरेत असे, पण काम एकट्याचे नव्हते. गोवऱ्या गाडीमालकाच्या घरून येत, पाणी घरच्या बायका भरत, सांडशी धरायला शेजारी लागत.

वैशाखाच्या उन्हात लाकूड सुकते, आक्रसते आणि धाव सैल पडून खडखडू लागते. अशा वेळी चाके काढून रात्रभर नाल्याच्या डोहात भिजत घालत. लाकूड पाणी पिऊन फुगे आणि धाव पुन्हा घट्ट बसे. हा उपाय शेतकऱ्याच्या घरचाच. वंगणाचेही तसेच. एरंडाचे नाही तर मोहाचे तेल, त्यात चिंध्या आणि काजळी; त्याची नळी गाडीच्या दांडीला कायम टांगलेली. आस कुरकुरू लागला की गाडी थांबवून उभाळी लावायची, चाक बाहेर ओढायचे, बोटाने वंगण फासायचे आणि खीळ ठोकून पुढे निघायचे. घाट उतरताना चाकावर घासणारे आडवे लाकूड दोराने आवळत, किंवा मागे एखादा ओंडका बांधून ओढत नेत. ब्रेक म्हणून तेवढेच.

मोठ्या घेराचे आणि अरुंद धावेचे हे चाक काळ्या मातीसाठीच घडलेले होते. वरचा चिखल कापत ते खालच्या घट्ट थरावर टेकते आणि घेर मोठा असल्यामुळे दगडावरून चढून जाते. सपाटीवरच्या कापूसवाल्याची बंडी लांब आणि रुंद, तर डोंगरातल्या गोंड-कोलामांचा छकडा आटोपशीर आणि हलका. दोन झाडांमधून निघावा, अडलाच तर दोघांनी उचलून वळवावा इतका.

या छकड्याचा मान आजही केसलापूरला दिसतो. इंद्रवेल्लीजवळच्या या गावी पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते आणि मेसराम कुळातले राजगोंड दूरदूरहून येतात. त्याआधी जत्रेची वर्दी द्यायला एक छकडा गावोगाव फिरतो. सिरिकोंड्याच्या कुंभाराला पूजेच्या मडक्यांचे सांगणे जाते तेही याच फेरीत. गोदावरीचे पाणी आणायला मात्र मेसराम अनवाणी पायी जातात. तिथे गाडी चालत नाही. जत्रेला बायका-मुले, धान्य, भांडी घेऊन कुटुंबे बैलगाड्यांनी येऊन वडाखाली उतरत. कित्येक कोस जंगलातून, नाल्यांतून यायचे म्हणजे निघण्याआधी प्रत्येक गाडीची चाके, जू, जोती, सगळे घरी तपासलेले असे. वर्षातून एकदा होणारी ही गाड्यांची मोठी तपासणीच म्हणायची.

१९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कुमुरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची स्थिती अभ्यासण्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला पाठवले. त्याने मारलवाईला मुक्काम टाकला आणि तिथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्याचा राजगोंडांवरचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. हायमेनडॉर्फने एक गोष्ट स्पष्टपणे मांडली आणि ती वाहनांच्या इतिहासात विसरता येत नाही. रेल्वे आणि रस्ता जसजसा आत आला तसतसे बाहेरचे लोक आले, सावकार आले आणि गोंडांच्या जमिनी गेल्या. वाट वाईट होती तोवर जमीन शाबूत होती. म्हणून या भागात रस्त्याची मागणी आणि रस्त्याची भीती दोन्ही खऱ्या होत्या. १९७० च्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर कडक बंदी आली, तोवर पुष्कळ जमीन हातची गेली होती.

मोटारीचा आवाज आधी मोठ्या रस्त्यावर आला. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. नागपूर-हैदराबाद सडक निर्मलजवळच्या महबूबघाटातून आदिलाबादकडे चढते, ती मोटारींची मुख्य वाट. सडक सोडली की पुन्हा बंडी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा देशभर बस आणि ट्रकच्या पाठीमागे लोखंडी भट्टी बसवून लाकडी कोळशाच्या धुरावर इंजिने चालवली गेली. सकाळी भट्टी पेटवायची, पंखा फिरवायचा, गॅस धरेपर्यंत थांबायचे आणि चढावर प्रवाशांना उतरवायचे. मोटारसुद्धा आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते हे पुष्कळ मिस्त्रींनी त्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने करून पाहिले.

त्याच युद्धातून जीप आली. अमेरिकी सैन्याला चिखलात, डोंगरात चालणारी हलकी गाडी हवी होती. १९४० मध्ये बँटम कंपनीने पहिला नमुना केला आणि मग विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. वजन अकराशे किलोच्या आसपास, सव्वादोन लिटरचे साठ अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा आणि चढासाठी वेगळा लो गिअर. पण तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती रणांगणावर, झाडाखाली, चार पान्यांनी उघडता येईल अशीच आखली होती. सपाट पत्रा, सरळ चासी, उघडे बोल्ट. गावच्या लोहाराने पहिली जीप पाहिली तेव्हा तिच्यात त्याला अनोळखी असे थोडेच होते.

युद्धानंतर सैन्याने काढून टाकलेल्या जीपा आणि ट्रक बाजारात आले. १९४५ मध्ये महिंद्र बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्यासोबत कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून विलीज जीप तयार होऊ लागली, पुढे ती देशातच घडू लागली. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास गटाच्या कचेरीला जीप मिळाली. पाठोपाठ हिवतापाच्या फवारणीची, वनखात्याची, पोलिसांची जीप आली. उटनूरच्या डोंगरातल्या किती तरी माणसांनी सरकार पाहिले ते जीपमधून उतरताना. आणि या जीपा मोडल्या की त्या दुरुस्त करताना पाहत, पाना धरून देत तिथलीच पोरे मिस्त्री झाली. पुढे सरकारी लिलावात त्याच गाड्या निघाल्या, तेव्हा त्या विकत घेणाऱ्यांना चालवायला आणि नीट करायला माणूस गावातच तयार होता.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून निघून मराठी बाजूला आले, तर नांदेडचा मुधोळ तालुका तिकडे गेला. सीमा नकाशावर आली, बोली मिसळलेलीच राहिली. बेला, जैनथ, भैंसा, मुधोळ भागात आजही घराघरांत मराठी चालते. मोटारीच्या कामात तर दोन्हीकडचे शब्द एकच: पाना, पक्कड, टामी, क्रॉस, कमानपाटा. सुटा भाग नागपूरहून आला की नांदेडहून की हैदराबादहून, हे त्या दिवशी कुठली बस आधी निघते त्यावर ठरे.

जीपची खरी फेरबांधणी सुरू झाली ती पेट्रोलच्या भावामुळे. १९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल जीप खासगी माणसाला परवडेना. डिझेल कितीतरी स्वस्त. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला, पण ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी कंपनीची वाट पाहिली नाही. निंबाच्या जाड फांदीला चेनकप्पी टांगायची, पेट्रोल इंजिन उचलून बाजूला ठेवायचे आणि मॅटाडोरचे किंवा तशाच एखाद्या गाडीचे डिझेल इंजिन खाली सोडायचे.

ऐकायला सोपे, करायला अवघड. नव्या इंजिनाचा तोंडवळा जुन्या गिअरबॉक्सशी जुळत नाही, म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट कापून, छिद्रे पाडून बसवावी लागते. छिद्र केसभर सरकले तर क्लच धरत नाही. डिझेल इंजिन वजनाला जड, म्हणजे गाडीचे नाक खाली बसते आणि पुढच्या कमानीत, म्हणजे आसावरच्या पोलादी स्प्रिंगमध्ये, एक पाटा वाढवणे आले. पाटा वाढवला की स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलतो आणि चाक एका बाजूला ओढू लागते. डिझेलचा हादरा मोठा, त्याने बोल्ट सैल पडतात, रेडिएटरचे टाके सुटतात. म्हणून मग रबराचे तुकडे कापून जागोजागी घालायचे. इंजिन कमी फेऱ्यांवर चालत असल्याने सडकेवरचा वेग घटतो, पण नाल्यातून वर चढताना ते गुदमरत नाही. या मुलखात हा सौदा फायद्याचाच होता. एका बदलाने दुसरा बदल ओढवतो आणि दुसऱ्याने तिसरा, हे ज्या मिस्त्रीला आधीच कळे त्याच्या दारात गाड्यांची रांग लागे.

त्यानंतरचा जमाना महिंद्रच्या कमांडरचा. १९८० आणि ९० च्या दशकांत लांब चासीच्या जीपा, कमांडर आणि पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स यांनी जिथे बस जात नव्हती ती गावे बाजाराला जोडली. महाराष्ट्राच्या बाजूला त्यांना काळी-पिवळी म्हणत. त्या चारचाकी जोराच्या नव्हत्या; बहुतेकींची फक्त मागची चाके ओढायची. तरी त्या पांदणींतून चालल्या, कारण त्या घरी बदललेल्या होत्या. मागे समोरासमोर बाके, टपावर कॅरिअर, मागच्या बाजूला उभे राहायला फळी. आठवडी बाजाराच्या दिवशी आत माणसे, टपावर पोती आणि टोपल्या, फळीवर लोंबकळणारी पोरे. हा भार कंपनीने धरलेला नव्हता. त्यातून अपघात झाले, घाटात गाड्या उलटल्या, माणसे गेली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कमानीत पाटे वाढवले तरी ब्रेक वाढत नाहीत.

कमानपाट्याचे काम हेच या गाड्यांच्या घरगुती दुरुस्तीचे मुख्य अंग. चासीखाली जॅक आणि लाकडी ठोकळे लावून वजन उचलायचे, यू-बोल्ट सोडायचे, मधला बोल्ट काढला की पाट्यांची थप्पी सुटते. सपाट झालेले पाटे ऐरणीवर ठेवून घणाने ठोकत पुन्हा बाक द्यायचा, दोन पाट्यांमध्ये ग्रीस भरायचे, झिजलेले बुश बदलायचे आणि एकावर एक लावून आवळायचे. घण मारणारा हात पुष्कळदा त्याच लोहाराचा, ज्याच्या बापाने धावा चढवल्या होत्या. बाक दोन्हीकडे सारखा आला नाही तर गाडी एका अंगावर कलून चालते, आणि तो मोजायला त्याच्याकडे दोरी आणि नजरच.

पावसाळ्यात नाला ओलांडण्याची रीत ठरलेली होती. आधी माणूस उतरून काठीने तळ पाहायचा. पेट्रोल जीप असेल तर पंख्याचा पट्टा काढायचा, नाही तर पंखा पाणी उडवून प्लग भिजवतो आणि गाडी नाल्यात बंद पडते. डिस्ट्रिब्युटरला ग्रीस फासायचे. डिझेलला ती ठिणगीची भीती नाही, हेही डिझेलकडे वळण्याचे एक कारण. चिखल गुळगुळीत असेल तर टायरची हवा कमी करायची किंवा जाड दोर गुंडाळायचा. पलीकडे पोचल्यावर काम संपत नाही. घरी आल्यावर मागच्या आसाचा तळातला बोल्ट सोडून तेल बघायचे. दुधाळ निघाले तर आत पाणी शिरले, सगळे काढून नवे भरायचे. हब उघडून बेअरिंग पुसायचे आणि ग्रीस भरायचे. बंडीचे चाक काढून वंगण फासणाऱ्या बापाचा मुलगाच हे करत होता, त्याला पाणी आणि फिरते लोखंड यांचे वैर नव्याने शिकवावे लागले नाही.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि पुढच्या वीस वर्षांत डोंगरातल्या पुष्कळ गावांपर्यंत डांबर गेले. बोलेरो आली, ऑटो आले, पिकअप आली. कमांडरचे उत्पादन थांबले. जंगलाच्या बाजूने नियम बदलले. कवाल अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. आता जन्नारमला पर्यटक सफारीच्या जीपमध्ये बसतात. २०१० मध्ये महिंद्रने थार आणली, २०२० मध्ये ती नव्या रूपात आली, आणि चिखलात गाडी घालणे हा शहरी माणसाचा छंद झाला. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी स्पर्धा होते. त्यात लागणारी विंच, उंचावलेली चासी, हवा ओढायला वर काढलेली नळी हे सगळे दुकानात तयार मिळते. या छंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र नव्या थारची इंजिने संगणकावर चालतात; त्यांचा दोष निंबाखाली बसून कानाने ओळखता येत नाही.

कायदाही कडक झाला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने फरक करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितले. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंदणीपुस्तकात नोंद लागते. टपावर माणसे बसवणाऱ्या गाड्यांचा इतिहास आठवला की या नियमाचे मोल कळते. पण बाक, कॅरिअर आणि जादा पाटा यांच्या जोरावर ज्या गावाला पहिल्यांदा बाळंतीण दवाखान्यात नेता आली, तिथला माणूस या नियमाकडे जरा वेगळ्या डोळ्यांनी पाहतो, आणि त्याचेही ऐकले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली. गटकचेरीच्या आवारात उभ्या असलेल्या जुन्या जीपा लिलावाऐवजी थेट भंगाराकडे जायला लागल्या, आणि गावच्या मिस्त्रीला शिकायला मिळणारी जुनी गाडी त्यांच्याबरोबर गेली.

बैलगाडी या सगळ्यात संपली असे समजू नये. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात देशातल्या बैलगाड्यांचा अभ्यास हाती घेतला आणि त्यांची संख्या सुमारे दीड कोटी धरली. अरुंद लोखंडी धावेने डांबरी रस्ते उखडतात आणि बैलांच्या मानेवर फार भार येतो, म्हणून रबरी चाकांची हलकी गाडी व्हावी असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी कार्टमन नावाची संस्थाही काढली. गावांनी ते काम आपल्या पद्धतीने केले. भंगारात निघालेल्या जीपचा किंवा मोटारीचा आस विकत घ्यायचा, बेअरिंग हाताने फिरवून पाहायचे, जुने टायर चढवायचे आणि वर जुन्या बंडीचा साटा ठेवून यू-बोल्टने आवळायचा. तिला डनलॉपची गाडी म्हणतात. ती बैलांना हलकी जाते आणि तीत दीडपट माल बसतो. फक्त खोल काळ्या चिखलात तिचे रुंद टायर लोळतात, आणि काटा लागला की पंक्चर. म्हणून काही घरी दोन्ही ठेवतात: सडकेला आणि कापसाच्या बाजाराला डनलॉप, पावसाच्या दिवसांत पांदणीला धावेची बंडी.

धाव चढवणारे लोहार मात्र कमी उरले आहेत. जे आहेत त्यांच्या कामठ्यावर आज जास्त करून मोडलेले कमानपाटे येऊन पडतात. हे पोलाद धार चांगली धरते आणि लवकर बोथट होत नाही, म्हणून लोहार पाट्याचा एक तुकडा कापतो, भात्यावर लाल करतो आणि त्याचा विळा, कोयता नाही तर कुऱ्हाड घडवतो. गिऱ्हाईकही दुकानी माल न घेता पाट्याचीच कुऱ्हाड मागते, आणि ती कोणत्या गाडीच्या पाट्याची आहे तेही विचारून घेते. मालगाडीचा पाटा जाड पडतो, घडवायला मेहनत लागते. जीपचा बरोबर येतो.